किल्ली कुणाच्या हातात?

१९ एप्रिल २०१९ ची दुपार. टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांचे एक निवृत्त सनदी अधिकारी पत्नीला शेजारी बसवून रेस्टॉरंटमध्ये जेवायला निघाले होते. वाटेत त्यांच्या टोयोटा प्रियसने एकाएकी वेग घेतला. काटा ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेला, गाडीने लाल दिवे ओलांडले आणि सायकलवरून रस्ता ओलांडणाऱ्या मायलेकींना उडवले. आई ३१ वर्षांची, मुलगी ३ वर्षांची. दोघीही गेल्या. आणखी नऊ जण जखमी झाले.

हे गृहस्थ शिक्षणाने अभियंता होते आणि सरकारच्या औद्योगिक तंत्रज्ञान विभागाचे एकेकाळचे प्रमुख. यंत्र म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी खटला चालू असेपर्यंत ते एकच सांगत राहिले: माझा पाय ब्रेकवरच होता, बिघाड गाडीत झाला. गाडीतल्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. ब्रेक दाबलाच गेला नव्हता, दाबला गेला होता तो ॲक्सिलरेटर. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा ते नव्वदीत होते. २०२४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला.

ते खोटे बोलत होते, असे बऱ्याच जपानी लोकांना वाटले आणि संतापही त्याचाच होता. मला मात्र त्यांचे म्हणणे मनापासूनचे असण्याची शक्यता बरीच वाटते, आणि ते जास्त भीतिदायक आहे. ऑटोमॅटिक गाडीत दोन्ही पेडल एकाच, उजव्या पायाने दाबायची असतात. पाय कुठे आहे हे आपण डोळ्यांनी पाहत नाही. मेंदू हुकूम सोडतो, पाय तो पाळतो, आणि पाळला गेला असेलच असे मेंदू धरून चालतो. पाय चार बोटे उजवीकडे पडला तर गाडी थांबण्याऐवजी उसळी घेते. 'ब्रेक लागत नाही' असे वाटून माणूस तेच पेडल आणखी जोराने दाबतो. तरुण मेंदू यातून बहुधा लवकर सावरतो, पाय उचलतो. म्हाताऱ्या मेंदूला चूक ओळखायला आणि चालू हालचाल मोडायला वेळ लागतो, आणि शहरातल्या रस्त्यावर तेवढा वेळ नसतो. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे जुलै २००३ मध्ये ८६ वर्षांच्या एका माणसाची ब्यूक गाडी भर भाजीबाजारात घुसली. दहा माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. तिथेही बचाव हाच होता: पेडलची गल्लत. २००६ मध्ये दोष सिद्ध झाला, पण वय आणि आजारपण पाहून न्यायाधीशांनी तुरुंगात पाठवले नाही.

हँडगिअरच्या गाडीत हा धोका कमी असतो, कारण घाबरलेला माणूस क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबतो आणि क्लच दाबला की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. म्हणून गुडघे दुखतात या कारणासाठी पंचाहत्तरीच्या वडिलांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन देणाऱ्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पन्नास वर्षांची सवय आठवड्यात बदलत नाही. मोकळ्या मैदानात महिनाभर सराव करू द्या, मग रस्त्यावर.

इकेबुकुरोच्या अपघाताने जपान हादरला. त्या एका वर्षात सहा लाखांहून अधिक लोकांनी आपला वाहन परवाना स्वतःहून पोलिसांकडे परत केला. त्यांतले साडेतीन लाखांच्या आसपास पंचाहत्तरीच्या पुढचे होते. परवाना परत करण्याची ही सोय तिथे १९९८ पासून आहे. परत करणाऱ्याला 'इतकी वर्षे गाडी चालवली' असा दाखला मिळतो. तो ओळखपत्र म्हणून चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी बस, टॅक्सी, दुकाने त्यावर सवलत देतात. यात मानसशास्त्र आहे. माणसाकडून काही काढून घेताना त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यावे, एवढे भान त्या सरकारला होते.

परवाना ठेवू इच्छिणाऱ्यांनाही जपान मोकळे सोडत नाही. सत्तरीनंतर नूतनीकरणाच्या वेळी खास वर्ग असतो. पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्तीची चाचणी: सोळा चित्रे दाखवतात, मध्ये दुसरेच काम देतात, मग चित्रे आठवायला सांगतात, आजची तारीख आणि वेळ विचारतात. गुण फार कमी पडले तर डॉक्टरकडे पाठवतात, आणि स्मृतिभ्रंश ठरला तर परवाना जातो. मे २०२२ पासून आणखी एक पायरी आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या चालकाने मागच्या तीन वर्षांत ठरावीक प्रकारचे नियम मोडले असतील, त्याला प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. गाडीवर लावायचे एक चिन्हही आहे, मागच्याने जरा सांभाळून घ्यावे म्हणून. १९९७ मध्ये आलेले पहिले चिन्ह नारिंगी-पिवळ्या थेंबासारखे होते. लोक त्याला 'वाळके पान' म्हणू लागले आणि म्हातारे ते लावायला तयार होईनात. २०११ मध्ये त्याजागी चार रंगांचे, चार पाकळ्यांचे नवे चिन्ह आणले. सुरक्षिततेचा नियम अपमानासारखा वाटला की लोक तो पाळत नाहीत, हे सरकारी खात्याला कळायला चौदा वर्षे लागली. आपल्याकडच्या मानाने लवकरच म्हणायचे.

आता शरीराकडे येऊ. गाडी चालवणे हे नव्वद टक्के डोळ्यांचे काम आहे असे सर्रास सांगितले जाते. आकडा सोडून द्या, पण सुरुवात डोळ्यांपासूनच करायला हवी. वयाबरोबर बाहुली लहान होते, ती अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आणि डोळ्यातले भिंग पिवळसर, दाट होत जाते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणजे तोच रस्ता, तीच संध्याकाळ, पण नातवाला जिथे खड्डा दिसतो तिथे आजोबांना नुसती सावली दिसते. त्यात समोरून कुणी हेडलाइट 'अपर'वर ठेवून आला की डोळे दिपतात, आणि दिपलेले डोळे पुन्हा ताळ्यावर यायला वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. त्या काही सेकंदांत गाडी पन्नास-शंभर मीटर जवळजवळ आंधळीच पुढे जाते. आपल्या महामार्गांवर सगळेच अपरवर चालवतात, त्यामुळे सत्तरीनंतर रात्रीचा प्रवास सोडणे ही मला सर्वांत सोपी आणि सर्वांत फायद्याची तडजोड वाटते.

दिव्याभोवती कडे दिसणे, रंग फिके वाटणे ही मोतीबिंदूची खूण. यावर उपाय आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत किती मोलाचा आहे याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या अलाबामात सिंथिया आउस्ली आणि सहकाऱ्यांनी मोतीबिंदू झालेल्या वृद्ध चालकांचा काही वर्षे मागोवा घेतला. २००२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांच्या अपघातांचे प्रमाण न करून घेतलेल्यांच्या निम्मे होते. अपघात अर्ध्यावर आणणारे दुसरे औषध निदान मला तरी ठाऊक नाही. काचबिंदू मात्र लबाड आजार. तो दुखत नाही, समोरचे वाचायला अडथळा करत नाही, बाजूची नजर कडेकडेने खात येतो. अशा माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते आणि डावीकडून येणारी रिक्षा दिसत नाही.

पण निव्वळ दिसणे पुरत नाही. चौकात एका क्षणात सिग्नल, समोरचा ट्रक, उजवीकडून घुसणारी मोटारसायकल, फूटपाथवरून उतरू पाहणारी बाई असे सगळे एकदम पाहायचे, त्यातले महत्त्वाचे निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे असते. लक्ष वाटून देण्याची ही ताकद उतारवयात घटते. म्हणून वृद्ध चालकांचे अपघात एका विशिष्ट प्रकारचे असतात. तरुण वेगाने, दारूने, फाजील आत्मविश्वासाने मरतात. वृद्ध चौकात, वळताना, समोरून येणाऱ्याला वाट न दिल्याने धडकतात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे समोरची रांग कापून उजवीकडे वळणे हे त्यांच्यासाठी सर्वांत अवघड काम. मानेचे सांधे आखडलेले असतील तर मागे वळून पाहणेही नकोसे होते, मग सगळी भिस्त आरशावर. यात गोळ्यांची भर पडते. झोपेची गोळी सकाळपर्यंत अंगात रेंगाळते. सर्दीची साधी गोळी पेंग आणते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर अचानक खाली गेली की माणूस स्टिअरिंगवर बसल्या बसल्या गोंधळतो. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या असतात आणि 'तुम्ही गाडी चालवता का?' हे त्यांतला एकही विचारत नाही.

मग वृद्ध चालक रस्त्यावरचे सर्वांत मोठे संकट आहेत का? आकडे पाहिले की उत्तर गुंतागुंतीचे होते. कापलेल्या अंतराच्या हिशेबाने जीवघेण्या अपघातांचे प्रमाण सत्तरीनंतर चढू लागते आणि ऐंशीनंतर झपाट्याने वाढते, हे खरे. पण त्या चढत्या रेषेचा मोठा भाग म्हातारी हाडे आहेत. ज्या धडकेत पस्तिशीतला माणूस छातीला मुका मार लागून वाचतो, तिथे ऐंशीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात आणि पंधरा दिवसांनी न्यूमोनिया त्याला नेतो. अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा वृद्ध चालकांच्या जादा मृत्युदराचा बहुतांश भाग या ठिसूळपणाचा निघाला, जास्त धडका देण्याचा वाटा त्यामानाने लहान. म्हणजे वृद्ध चालक मुख्यतः स्वतःला आणि शेजारी बसलेल्या बायकोला धोक्यात घालतो. इकेबुकुरोसारखी घटना अपवाद असते. पण अपवादात तीन वर्षांची मुलगी मेली की आकडेवारी कुणी ऐकून घेत नाही, आणि ऐकू नये असेही नाही.

ब्रिटनच्या तेव्हाच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनाही याच अपवादाने गाठले होते. जानेवारी २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी, सँड्रिंगहॅमजवळ हमरस्त्यावर येताना त्यांची लँड रोव्हर दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. त्यांना काही झाले नाही. दुसऱ्या गाडीतल्या एका बाईचे मनगट मोडले, मागच्या सीटवरचे नऊ महिन्यांचे बाळ वाचले. सूर्य डोळ्यांवर आला, असे त्यांनी सांगितले. दोनच दिवसांत सीटबेल्ट न लावता गाडी चालवताना त्यांचा फोटो निघाला. फेब्रुवारीत त्यांनी परवाना परत केला. दिमतीला चालक असलेल्या राजघराण्यातल्या माणसालाही किल्ली सोडायला अपघात व्हावा लागला, यावरून बाकीच्यांचा अंदाज करावा.

तेव्हा सोपा उपाय म्हणून लोक म्हणतात: ऐंशीनंतर परवानाच देऊ नका, किंवा निदान सगळ्यांची सक्तीने परीक्षा घ्या. मलाही हे बरीच वर्षे उघड वाटत होते. डेन्मार्कचे उदाहरण मात्र विचारात पाडते. तिथे सत्तरीपुढच्या चालकांसाठी डॉक्टरी तपासणीत मेंदूच्या कार्यक्षमतेची चाचणी घातली गेली. अनू सिरेन आणि अॅनेट मेंग या संशोधकांनी चाचणीच्या आधीचे आणि नंतरचे जीवघेणे अपघात ताडून पाहिले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. वृद्ध चालकांच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो दुसरीकडे: पायी आणि सायकलवर मरणाऱ्या वृद्धांची संख्या वाढली होती. गाडी सुटलेली माणसे घरात बसली नाहीत, ती रस्त्यावर उघडी पडली. २०१७ मध्ये डेन्मार्कने केवळ वयावरून होणारी सक्तीची तपासणी बंद केली. न्यूझीलंडनेही ऐंशीपुढच्यांची सक्तीची रस्त्यावरची परीक्षा २००६ मध्येच बंद केली होती, डॉक्टरचा दाखला मात्र कायम ठेवला.

डेन्मार्कचे फूटपाथ डोळ्यांसमोर आणा आणि मग आपले. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. लोखंडी पेटीत बसलेल्या म्हाताऱ्याला बाहेर काढून आपण त्याला याच दोन गटांत पाठवणार असू, तर त्याच्या जिवाचे भले केले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात तर प्रश्नाचा तोंडवळाच वेगळा आहे. इथला ऐंशीचा माणूस बहुधा मोटारीत नसतो, स्कूटरवर असतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली इथल्या ज्या पिढीने बजाज चेतकवर संसार वाहिला, ती आता पंचाहत्तरी ते पंच्याऐंशीच्या घरात आहे. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली होता, गिअर आणि क्लच डाव्या हातात. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरवर दोन्ही ब्रेक हातात आणि पायाला काहीच काम नाही. जुन्या सवयीचा पाय आणीबाणीत पायफळीवर ब्रेक शोधू लागला तर नवल नाही. त्याहून मोठा प्रश्न तोलाचा. शंभर किलोच्या वरचे धूड उतारावर थांबवायचे, वाळूवरून वळवायचे, मधल्या स्टँडवर चढवायचे. वेग दहाचा असला तरी स्कूटर आडवी झाली की खुबा मोडतो, आणि ऐंशीत खुबा मोडणे म्हणजे काय हे ज्या घराने पाहिले आहे त्याला सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे: मोटार आणि स्कूटर यांतली एक आधी सोडायची असेल तर स्कूटर सोडावी. घरोघरी नेमके उलटे होते. 'गाडी नको चालवू, जवळच्या जवळ स्कूटरने जात जा,' असा सल्ला मुले देतात आणि आपण जबाबदारीने वागलो असे समजतात.

कायदा काय सांगतो? आपल्या मोटार वाहन कायद्यात परवान्याला वयाची वरची मर्यादा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला खासगी वाहनाचा परवाना दहा वर्षांसाठी मिळतो, पन्नास ते पंचावन्नमधल्याला साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षांसाठी. पंचावन्नच्या माणसाला पाच वर्षे आणि अठ्ठ्याऐंशीच्या माणसालाही पाचच. म्हणजे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नूतनीकरण केले तर सरकार पुन्हा त्र्याण्णवाव्या वर्षी चौकशी करणार. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, जपानमध्येही उतारवयात मुदत तीन वर्षांवर येते. आपण निदान पंचाहत्तरीनंतर ती दोन वर्षांवर आणावी, असे मला वाटते.

चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. चालकाने स्वतः भरायच्या फॉर्म १ मधले प्रश्न वाचण्यासारखे आहेत. पंचवीस मीटरवरून, दिवसाउजेडी, मोटारीच्या नंबरप्लेटवरचा नंबर ओळखता येतो का? लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का? रातांधळेपणा आहे का? फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? हॉर्न ऐकू येतो का? स्मरणशक्तीविषयी थेट प्रश्न एकही नाही. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्या आजारात माणूस नंबरप्लेट खणखणीत वाचतो आणि घरचा रस्ता विसरतो. बरे, आहेत ते प्रश्न तरी कोण विचारतो? एजंटाकडे फोटो आणि पैसे दिले की डॉक्टरचा सही-शिक्का असलेला कागद हातात येतो, अर्जदाराने डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नसते. हे गुपित नाही, चेष्टेचा विषय आहे. कायद्याच्या कलम १६ मध्ये आजार किंवा अपंगत्वामुळे एखादा माणूस वाहन चालवायला अयोग्य झाल्याची सबळ शंका असेल, तर परवाना अधिकारी दाखला मागू शकतो, परवाना रद्दही करू शकतो. या कलमाचा उच्चार मी चहाच्या टपरीवर सोडाच, वकिलांच्या गप्पांतही ऐकलेला नाही.

सरकार पाहत नाही म्हटल्यावर सगळा भार घरावर येतो, आणि घरात हा विषय भांडणाचा होतो. मुलगा म्हणतो, "अप्पा, आता गाडी बंद करा." अप्पा म्हणतात, "तू जन्मला त्या रात्री तुझ्या आईला दवाखान्यात मीच नेलं होतं." दोघेही वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतात. एकाला अपघात दिसतो, दुसऱ्याला दिसते की उद्यापासून भिशीला, बँकेत, मित्राच्या तेराव्याला जायचे तर कुणाला तरी विचारावे लागणार. अप्पांची भीती निराधार नाही. गाडी सोडलेल्या वृद्धांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१६ मध्ये निघाला. गाडी सुटल्यावर नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे त्यात दिसले. न्यू जर्सीतून किंवा सिंगापूरहून व्हिडिओ कॉलवर 'बाबा, ओला मागवत जा' म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. त्याने बाबांना गाडी चालवताना शेवटचे कधी पाहिले, हाही प्रश्न आहेच.

म्हणून बोलण्याआधी शेजारच्या सीटवर बसून पाहा. वादविवाद नको, टोमणे नकोत, फक्त सोबत. बंपरवर नवे ओरखडे आहेत का, इंडिकेटर चालू राहतो का, मागचे वारंवार हॉर्न वाजवतात का, रोजच्या रस्त्यावरचे वळण चुकते का, दोन गाड्यांमधून जाताना अंतराचा अंदाज फसतो का. ई-चलानचे मेसेज मुलाच्या मोबाइलवर येत असतील तर तेही वाचा, सिग्नल तोडल्याची दोन-तीन चलाने सहा महिन्यांत आली असतील तर तो कागदी पुरावा आहे. डॉक्टर वापरतात ती एक चाचणी घरीही करून पाहता येते. कागदावर १ ते १३ आकडे आणि क पासून बारा अक्षरे विखरून लिहायची, आणि पेन्सिल न उचलता १, क, २, ख, ३, ग अशी आलटून पालटून जोडायला सांगायचे. मूळ चाचणीत इंग्रजी अक्षरे असतात आणि तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर तो धोक्याचा इशारा धरतात. एवढ्यावरून परवाना काढून घ्यायचा नाही, पण न्यूरॉलॉजिस्टची वेळ मात्र घ्यायची. आणि स्मृतिभ्रंश मध्यम टप्प्यावर गेल्याचे निदान झाले असेल, तर चर्चा संपली. तिथे माझ्याकडे कसलीही तडजोड नाही, किल्ली लपवावी लागली तरी चालेल.

बाकीच्यांसाठी एका दिवसात सगळे बंद करण्याची गरज नसते. शहाणी माणसे स्वतःहून माघार घेतात: आधी रात्र सोडतात, मग पावसाळा, मग महामार्ग, मग सकाळी-संध्याकाळी गर्दीची वेळ. शेवटी उरतो भाजीबाजार, देऊळ आणि दवाखाना, दिवसाढवळ्या, ओळखीच्या रस्त्याने. या उतरंडीला दहा वर्षेही लागू शकतात. त्या काळात दुसऱ्या सोयींची सवय लावून घेता येते, आणि ती साठीतच लावावी. ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा ॲपवरून रिक्षा मागवणे जड जाते. एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास दिला आहे, पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. योजना उत्तम. पण बसची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच, थांब्यावर बसायला बाक नाही आणि थांब्यापर्यंत पोचायला सलग फूटपाथ नाही. फुकट तिकिटापेक्षा खालच्या फळीची बस आणि दोनशे मीटर सपाट पदपथ जास्त किल्ल्या टेबलावर आणेल. जपानच्या खेड्यांतही हीच अडचण आहे. रेल्वे बंद पडल्या, दुकाने लांब गेली, आणि तांदूळ आणायचा तर पंच्याऐंशीव्या वर्षीही छोटा ट्रक चालवण्यावाचून इलाज नाही. अशांना तिथे 'खरेदी निर्वासित' म्हणतात.

यंत्रही काही भार उचलेल. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा जपानने नोव्हेंबर २०२१ पासून देशी बनावटीच्या नव्या मॉडेलना सक्तीची केली आहे. चुकीचे पेडल दाबल्याचे ओळखून इंजिनाचा जोर कापणारी उपकरणेही तिथे मिळतात. आपल्याकडे अशा सोयी महागड्या गाड्यांपासून खाली झिरपत आहेत. वडिलांसाठी पुढची गाडी घेताना सनरूफपेक्षा यांची चौकशी करा.

वाचकांत कुणी डॉक्टर असतील, तर त्यांना एक विनंती. फॉर्म १-अ समोर आला की माणूसही समोर बसवा, त्याचा चष्मा तपासा, गोळ्यांची यादी मागा आणि मगच सही करा. आणि ज्यांच्या परवान्याची मुदत या वर्षी संपते आहे त्यांनी तो कागद एजंटाकडून आणू नये. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन बाजूच्या नजरेची तपासणीही मागून घ्यावी. ती दुखत नाही आणि अर्ध्या तासात होते.